गाण्याआधीचं बोलणं

अप्पांचे डोळे गेले त्या वर्षी मी बारावीला होते. काचबिंदू. ते बेंगळुरूच्या एका कारखान्यात नकाशे काढायचे, म्हणजे यंत्राच्या एकेका सुट्या भागाचं चित्र, पेन्सिलीने, अगदी बारीक रेषांत. असा माणूस अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून घरी बसला आणि चामराजपेटेतल्या आमच्या दोन खोल्यांत भिंतीला हात लावत चालू लागला. रेडिओवर नाट्यपदं किंवा भजनं लागली की त्यांना निपाणीकडचं गाव आठवायचं, देवळातला सप्ताह आठवायचा आणि डोळ्यांतून पाणी यायला लागायचं. जे डोळे बघण्याच्या कामाचे राहिले नाहीत ते रडायला मात्र बरे चालतात, याचा मला त्या वयात राग यायचा. मी रेडिओ बंद करून टाकायचे.

आई एका परदेशी वाचनालयात कामाला होती. तिथे पुस्तकांच्या जोडीला तबकड्यांचा विभाग होता, हजारेक एलपी, बहुतेक सगळं अमेरिकन संगीत. त्या तबकड्यांची कार्डं करायची हे आईचं काम: रचनाकार कोण, प्रकार कोणता, वाजवणारे कोण, साल कोणतं. पंधरा वर्षं ती हे करत होती आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. आम्ही समजायचो, कारकुनी करते. पण तबकडीच्या पाकिटामागे मुंगीएवढ्या अक्षरांत जे छापलेलं असतं ते वाचल्याशिवाय कार्ड भरता येत नाही. आई ते सगळं वाचत होती आणि डबा खाऊन झाला की हेडफोन लावून ऐकतही होती.

एका संध्याकाळी ती अप्पांना म्हणाली, "तुम्हाला जे ठाऊक आहे ते ऐकून तुम्ही रडता. मी असं काहीतरी आणून देते की त्यावरून तुम्हाला काही आठवणारच नाही."

"आण की," अप्पा म्हणाले. "मला काय."

तबकड्या घरी आणायची परवानगी नव्हती. मग आईने चिकपेटेतून कोऱ्या कॅसेटी डझनाने आणल्या. वाचनालय बंद झाल्यावर अर्धा तास थांबायची मुभा साहेबांकडून मागून घेतली आणि घरचा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून ती बसने न्यायला लागली. तिथल्या स्पीकरसमोर तो ठेवायचा, बटण दाबायचं आणि हळूच तबकडीवर सुई टेकवायची. त्यामुळे संगीताबरोबर तिथला पंखाही कॅसेटवर उतरायचा, रस्त्यावरच्या गाड्यांचे भोंगेही. पहिली कॅसेट घरी आली तेव्हा अप्पांनी नाक मुरडलं. संगीत वाईट आहे म्हणून नाही. त्यांची एक खोड होती. बैठकीत गवयाने रागाचं नाव सांगितलं नाही तर ते शेजारच्याला विचारून घ्यायचे आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांचं गाण्यात लक्ष नसायचं. आता दुपारभर घरात एकटे, कॅसेटच्या डबीवर आईने सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलेलं, आणि त्याचा काडीचाही उपयोग नाही.

"हे कुणाचं, ते कुणाचं, काय कळायलं नाही मला," ते म्हणाले. "नुसतं वाजतंय."

त्यानंतर आईने ती कॅसेट पुन्हा भरली आणि प्रत्येक तुकड्याआधी बोलायला लागली. सुई टेकवण्यापूर्वी टेपरेकॉर्डरजवळ तोंड नेऊन, मराठीत, अप्पांना उद्देशून सांगायची: हा प्रकार कुठला, रचणारा कुठल्या गावचा, कुणाकडून शिकला, याच्या आधी काय होतं आणि यानंतर काय आलं. वाचनालयात आवाज चढवायचा नाही ही पंधरा वर्षांची सवय, म्हणून सगळं हळू आवाजात. पाच वर्षांत अशा सव्वीस कॅसेटी झाल्या. मग वाचनालयाने तबकड्यांचा विभागच मोडीत काढला आणि आईला वर्तमानपत्रांच्या टेबलावर बसवलं.

या पाच वर्षांतली चार मी धारवाडला वसतिगृहात होते. सुट्टीला यायचे तेव्हा आतल्या खोलीतून पियानो, तुताऱ्या आणि मधेमधे आईची कुजबुज ऐकू यायची. मी दार लोटून घ्यायचे. नवराबायकोचं काहीतरी चाललंय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांच्या कॅसेटी ऐकायला मला कुणी बोलावलं नाही आणि मीही कधी बसले नाही.

मग मला नोकरी लागली. संगणकाचं काम, काचेच्या खिडक्या, आमच्या चाळीपेक्षा स्वच्छ संडास. पुण्या-मुंबईहून आलेली मुलं माझ्या मराठीला हसायची, मी त्यांच्या कन्नडला. दिवस मजेत होते आणि मी स्वतःला फार हुशार समजत होते. एक दिवस ऑफिसात सीडी लिहिणारं यंत्र आलं. तेव्हा ते अप्रूपच होतं. मी साहेबांना विचारलं, शनिवारी दुपारी वापरू का, आईवडिलांसाठी काहीतरी करायचंय. ते हो म्हणाले.

खरं सांगायचं तर त्या कॅसेटींची मला लाज वाटायची. पंख्याची घरघर, भोंगे, मधेच खोकला. जगातलं इतकं मोठं संगीत आणि ते अशा गचाळ अवस्थेत. म्हटलं, हे स्वच्छ करून देते. एकेक कॅसेट संगणकात भरायची, घरघर कमी करायची आणि सीडीवर उतरवायची. अडचण एकच होती. कॅसेट नव्वद मिनिटांची आणि सीडीवर मावतात चौऱ्याहत्तर. सोळा मिनिटं जास्तीची. बघितलं तर आईचं बोलणं, मधल्या मोकळ्या जागा आणि तबकडी उलटण्याचा खडखडाट मिळून जवळजवळ सोळाच मिनिटं होत होती. असं नेमकं जमलेलं बघून मला आनंदच झाला.

ऑफिसात आवाज लावायची सोय नव्हती. एक हेडफोन होता, तो दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर असायचा. पण ऐकायची गरजही पडली नाही. संगणकाच्या पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं. संगीत म्हणजे जाड पट्टा आणि आईचं हळू बोलणं म्हणजे त्याच्या आधीची बारीक रेघ. रेघ कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते बघायचं, कागदावर टिपून घ्यायचं आणि तेवढं उडवायचं. हात बसल्यावर मी दोन तासांत एक कॅसेट संपवायला लागले. आठ-नऊ शनिवारांत सगळं काम झालं. सव्वीस चकचकीत सीडी.

त्या घरी नेल्या तेव्हा सोबत सीडी प्लेअरही नेला. पहिली लावली. पियानो असा वाजला की जणू खोलीतच आहे. दोन सेकंदांची शांतता आणि लगेच दुसरा तुकडा. अप्पांनी मान थोडी वळवली. आई हसली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "माझी बडबड गेली एकदाची."

मी ते खरं धरलं. आज वाटतं, तिच्या तोंडाकडे जरा नीट बघितलं असतं तरी चाललं असतं. पण मी तेव्हा बटणं समजावून सांगत होते.

त्यामुळे कुणाचं काही अडलं, असंही लगेच झालं नाही. आई आता मुदतीआधीच निवृत्त होऊन घरी बसली होती. अप्पा सीडी लावायचे आणि ती शेजारी वाती वळत किंवा भाजी निवडत बसायची. प्रत्येक तुकडा सुरू झाला की सांगायची, अहो, हा अमुक. जुन्या कॅसेटी पलंगाखाली तीन खोक्यांत होत्या. होसकोटेच्या वाटेवर अंध मुलांची एक शाळा आहे, तिथे धडे ध्वनिमुद्रित करायला कॅसेटी हव्या असतात असं शेजारच्या अक्कांनी सांगितलं. मी म्हटलं, देऊन टाकू. आई म्हणाली, दे की, मुलांना तरी होतील. मी रिक्षा करून स्वतः नेऊन दिल्या आणि तिथल्या मास्तरांना वर बजावून आले, "सगळ्या पुसून वापरल्या तरी चालतील."

पुढच्या वर्षी आई गेली. सकाळी कोपऱ्यावर भाजी आणायला गेली होती. भाजीवालीला म्हणाली, स्वल्प बसते, आणि बसली ती उठलीच नाही. निरोप आला तेव्हा मी दात घासत होते.

चौदाव्याला पाहुणे पांगले. संध्याकाळी अप्पा मला म्हणाले, "तिची कॅसेट लाव."

मी सीडी लावली. पियानो सुरू झाला. अप्पा हात गुडघ्यावर ठेवून बसले होते. तुकडा संपला, दुसरा लागला. ते वाट बघत होते हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

"हे नव्हे," ते म्हणाले. "तिची. ती बोलते ती."

मला आठवतं, मी प्लेअरचं झाकण उघडून उगाच सीडी पुसत बसले होते. मग सांगितलं. सीडीत आईचा आवाज घेतला नाही, आणि कॅसेटी शाळेत दिल्यात. अप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बघून ये जा. एखादी राहिली असेल."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी शाळेत गेले. मास्तर स्वतः अंध होते. त्यांनी मला बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातल्या कॅसेटी एकेक करून बोटांनी चाचपून बाहेर काढल्या. प्रत्येकीवर ब्रेलची पट्टी चिकटवलेली होती. समाजशास्त्र, विज्ञान, कन्नड व्याकरण. आम्ही दुपारभर बसून सव्वीसही शेवटाकडे नेऊन लावून बघितल्या. एका बाजूला धडा लवकर संपला होता. थोडी खरखर झाली आणि एकदम मागचं जुनं ऐकू यायला लागलं. मी टेपरेकॉर्डरवर वाकले. सॅक्सोफोन होता. अर्ध्या मिनिटात तोही संपला आणि बाजू संपली. मास्तर हळूच म्हणाले, "क्षमिसी अम्मा, तुम्हीच पुसा म्हणाला होता." मी म्हटलं, सरी सर, ठीक आहे, चूक माझीच आहे. होसकोटेहून परत येताना बसमध्ये मी सगळ्यांदेखत रडले आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

अप्पांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. दोन-तीन दिवस प्लेअरला हात लावला नाही. मग एका रविवारी मला म्हणाले, "पहिली लाव. आणि मी सांगेन तेव्हा सुरू कर."

मी सीडी घातली आणि थांबवण्याच्या बटणावर बोट ठेवून बसले. अप्पांनी घसा साफ केला आणि आई बोलायची तसं, हळू आवाजात म्हणाले, "अहो, हा रॅगटाइम. डावा हात शहाण्यासारखा पाऊल मोजत चालतो. उजवा मुद्दाम मागे राहतो आणि मग पळत येऊन गाठतो. हे रचणाऱ्यांना मोठ्या सभागृहात कुणी घेत नव्हतं. म्हणून त्यांनी ते कागदावर लिहून काढलं. कागदाला घरोघरी आत घेतात." मग मला म्हणाले, "हं, सोड."

पाच-सहा वर्षं रोज ऐकलेलं त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. त्या सबंध उन्हाळ्यात दर रविवारी आम्ही हेच केलं. आईने काय काय सांगितलं होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ब्लूजच्या आधी ती म्हणायची, "पहिली ओळ दोनदा म्हणतात, कारण पहिल्यांदा कुणी ऐकतच नाही. याच्या कार्डावर रचनाकाराच्या जागी मी 'अज्ञात' लिहिलंय. पण अज्ञात कसा असेल हो? त्याच्या घरच्यांना तर माहीत असेल की." जॅझच्या आधी, "सगळे एकदम बोलताहेत, पण भांडण नाही, नीट ऐका." मोठ्या वाद्यवृंदांच्या स्विंगपाशी, "आता सोळा माणसं झाली. सोळा जणांचं घर म्हटलं की लिहून द्यावं लागतं कुणी काय करायचं ते. म्हणून रचनाकार परत आला." त्यानंतरच्या, फार जलद वाजणाऱ्या प्रकाराला ती म्हणायची, "या पोरांना नाचणाऱ्यांचा कंटाळा आला. म्हणतात, बसून ऐकायचं तर ऐका." आणि न्यूयॉर्कच्या नाटकांतली गाणी रचणाऱ्यांबद्दल, "दुसऱ्या देशांतून आलेल्यांची मुलं ही. घरात एक भाषा, दारात दुसरी. आपल्यासारखीच. मधे उंबऱ्यावर उभं राहून गाणी केली त्यांनी."

माझी आई हे सगळं बोलू शकत होती. मला ती आठवायची ती रॉकेलच्या रांगेत, इस्त्रीच्या कपड्यांपाशी, माझ्या फीच्या पावत्या फायलीत लावताना. मी तिच्याशी जन्मभर काय बोलले ते आठवायला बसले तर बहुतेक सगळं डब्याबद्दल निघतं. एवढं तिच्यापाशी होतं आणि ते तिने माझ्यासमोर कधी काढलं नाही, कारण मी दार लोटून घेत होते.

मी त्या वेळी हे लिहून घ्यायला हवं होतं. एका हाताचं बोट बटणावर होतं हे खरं, पण दुसरा हात मोकळा होता. अप्पांना पाठ आहे, ते आहेत, मग घाई काय, असं वाटत राहिलं.

पावसाळा संपता संपता अप्पा अडखळायला लागले. आधी गावांची नावं गेली. मग एका तुकड्याचं बोलणं दुसऱ्यापाशी यायला लागलं. मी ओळखायचे की हे ब्लूजचं आहे आणि आता लागणार आहे पियानो, पण मी दुरुस्त करत नव्हते. ग्रंथालयातून पुस्तक आणून मी स्वतः माहिती सांगून बघितली. ती त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतली. "बरोबर असेल," म्हणाले. त्यानंतर मी ते पुस्तक परत करून आले.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी अठरावी सीडी होती. तिसरा तुकडा, संथ सॅक्सोफोनचा. अप्पा बोलायला लागले, "अहो, हा..." आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"तू सांग," ते म्हणाले. "काय म्हणायची इथे ती?"

"मला नाही माहीत, अप्पा."

"तूच कापलंस की. कापताना ऐकलंच असशील."

हो म्हणून काहीतरी जुळवून सांगावं, असं एकदा मनात आलं. पण तिचं बोलणं कुठलं आणि माझं कुठलं, ते त्यांना लगेच कळलं असतं.

"मी ऐकलं नव्हतं," मी म्हटलं. "आवाज बंद होता. नुसतं बघून कापलं."

एवढी वर्षं झाली, पण ते ऐकताना अप्पांचा चेहरा कसा झाला होता ते मी कुणाला सांगू शकलेले नाही. त्यांनी माझ्याकडे म्हणून जिकडे तोंड केलं तिथे भिंत होती. मग त्यांनी विचारलं, "किती वेळ बोलायची इथे, ते तरी आहे का?"

ते होतं. ऑफिसात टिपून घेतलेले कागद मी फायलीत नीट लावून ठेवले होते. मी उठून फाईल आणली. कॅसेट अठरा, बाजू एक, तिसरा तुकडा. माझ्याच अक्षरात वेळ लिहिलेली आणि पुढे 'काढणे'.

"एकेचाळीस सेकंद," मी म्हटलं.

"मग तेवढं थांब," अप्पा म्हणाले, "आणि मग लाव."

मी मनगटावरचं घड्याळ बघत बसले. अप्पा मान किंचित कलती करून ऐकत होते. एकेचाळीस सेकंद झाले, पन्नास झाले. मला बटण सोडवेना, आणि अप्पांनीही सोड म्हटलं नाही.